रुमियातीच्या गालातलं लोखंड

नवऱ्या नटवायचं काम करणाऱ्या बाईला माणसांच्या तोंडांची किळस येऊन चालत नाही. मला येते. जावातल्या स्रागेनच्या आसपासच्या गावांत मी कित्येक वर्षं लग्नातल्या नवऱ्या आणि गाणाऱ्या बायका रंगवत आले आहे आणि पावडरीखाली काय काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पुटकुळ्या, नवऱ्याच्या बोटांचे वळ, रडून सुजलेल्या पापण्या, सगळ्याची सवय झाली. रुमियातीच्या चेहऱ्याची मात्र झाली नाही. तिच्या गालाच्या हाडावरून बोट फिरवलं की कातडीखाली बारीक काहीतरी सरकायचं आणि मी झटकन बोट मागे घ्यायची.

सुया होत्या त्या. आमच्याकडे गाण्यानाचण्यावर पोट असलेल्या बायका घालून घेतात. मांत्रिक मंत्र म्हणतो आणि नखाएवढी सोन्याची सुई गालात, हनुवटीत, ओठाशेजारी सारून देतो. त्यानंतर म्हणे बघणाऱ्याची नजर त्या चेहऱ्यावरून हलत नाही. मशिदीत याला पाप म्हणतात, म्हणून कबूल कुणीच करत नाही. पण गावाला कळतंच. कारण अशा बाईला पथ्यं असतात. काडीला टोचून भाजलेलं मांस तिने काडीवरून खायचं नाही, वाळत घातलेल्या कपड्यांखालून जायचं नाही आणि बोटभर लांबीची ती पिवळीधमक सोनकेळी तोंडाला लावायची नाहीत. रुमियाती मांसाचे तुकडे चमच्याने बशीत सोडवून घ्यायची आणि वर सांगायची, "माझे दात फार नाजूक आहेत." त्याच दातांनी ती उसाचं कांडं सोलताना मी पाहिली आहे.

तिचा बाप टोपलीतून तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकायचा. पोरगी मागून चालत गिऱ्हाइकांना हाका मारायची, आणि त्या हाकेतच जुमांतोने तिचा गळा हेरला. जुमांतोचा लग्नात गाणारा फड होता. स्वतः तो बाजा वाजवायचा, तोही असा की बकरं ओरडलं तरी बरं. रुमियातीशी लग्न केल्यावर मात्र त्याला आसपासच्या चार तालुक्यांतून बोलावणी यायला लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. गालात सुया घालायची कल्पनाही त्याचीच. रुमियातीने आईची सोन्याची साखळी काढून दिली, जुमांतो ती सोनाराकडे घेऊन गेला, सुया करून आणल्या आणि म्हातारा मांत्रिक म्बाह कासान, म्हणजे कासानआजा, याने त्या तिच्या तोंडात पेरल्या.

रुमियाती काही संत नव्हती. तिचाही मला वीट यायचा. नव्या मुलींना ती माइकजवळ फिरकू द्यायची नाही, माझ्या पावडरीला नावं ठेवायची, आरशात बघत एकेका भुवईसाठी मला ताटकळत ठेवायची. पण तिची एक गोष्ट मी मानते. लग्नघरी मागच्या अंगणात चुलीपुढे राबणाऱ्या बायकांना गाणं कधी धड ऐकायला मिळत नाही. रुमियाती कार्यक्रम संपला की पदर खोचून मागे जायची आणि भांडी घासणाऱ्यांना विचारून त्यांच्या आवडीचं म्हणायची. त्यासाठी तिला कुणी काही देत नव्हतं आणि जुमांतो गाडीतून भोंगा वाजवत राहायचा.

छातीतली गाठ माझ्याच हाताला लागली. गाणाऱ्या बाईच्या छातीभोवती आम्ही लांब कापड घट्ट गुंडाळतो. एकदा गुंडाळताना ती कळवळली.

"काय आहे गं हे?"

"गळू आहे. तुम्ही आवळा, यू पाइनेम."

यू म्हणजे ताई. मला सगळेच तसं म्हणतात. मी म्हटलं, "हे गळू असेल तर मी राणी आहे. डॉक्टरकडे जा."

ती गेली नाही. लग्नाचा महिना होता. जुमांतो म्हणाला, हंगाम संपू दे. हंगाम संपला, दुसरा आला. ती गेली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. सोलो शहरातल्या मोठ्या दवाखान्यात स्तन काढला, औषधाच्या बाटल्या चढवल्या, केस गेले. केस गेल्यावर जुमांतो माझ्यासमोर काय म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "काही बिघडत नाही. अंबाडा तर असाही खोटाच बसवता ना तुम्ही?" आणि खरंच, तिने टकलावर अंबाडा बसवून गायलं. छातीच्या रिकाम्या बाजूला मी फडकी भरली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पडद्यामागे बादलीत ओकले.

पुढच्या वर्षी गाठ त्याच जखमेच्या वणाखाली परत उगवली. या वेळी दवाखान्यातल्या लोकांनी तिला डॉक्टर वेनिंग यांच्याकडे पाठवलं. या बाई चुंबकाच्या जोराचा कर्करोगाच्या पेशींवर काय परिणाम होतो ते तपासत होत्या. जुमांतोबरोबर मीही गेले, कारण रुमियातीला कपडे बदलायला माणूस लागे आणि त्याला तिची जखम बघवत नसे.

डॉक्टर वेनिंग यांनी आम्हाला दुर्बिणीतून बघायला लावलं. काचेच्या दोन चपट्या बशा होत्या. रुमियातीच्याच गाठीतल्या पेशी दोन्हीत वाढवल्या होत्या. एक बशी नुसती उबेत ठेवलेली, दुसरी तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात. त्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबक तयार होतो आणि थांबून थांबून झटके देतो. पहिल्या बशीत नुसती गिचमिड होती, एकावर एक चढलेले ठिपके, मासळीबाजारातल्या माश्या बसाव्यात तसे. दुसऱ्या बशीत मधे मधे मोकळी जागा होती.

"एका पेशीच्या दोन होताना आत बारीक दोऱ्यांसारखं काहीतरी ताणलं जातं," डॉक्टर म्हणाल्या. "चुंबकाने ते ओढणं बिघडत असावं, असा आमचा अंदाज आहे. काही पेशी अर्ध्यावरच अडकतात, काही मरतात."

जुमांतो लगेच म्हणाला, "म्हणजे बरी होणार."

"असं मी म्हटलेलं नाही, पाक. बशीतल्या पेशी म्हणजे तुमची बायको नव्हे. बशीत जे जमतं ते माणसात जमतंच असं नाही. औषधं चालूच राहतील, त्याच्या जोडीला रोज तासभर या वेटोळ्यात झोपायचं. उपयोग झाला तर झाला. पण बू रुमियाती, दुसरं फारसं काही माझ्याकडे उरलेलं नाही."

मला ती बाई आवडली; आम्हाला मान देऊन पाक, बू, म्हणजे साहेब, बाई म्हणत होती. रोग्याशी खरं बोलणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. रुमियाती बराच वेळ दुर्बिणीत बघत राहिली. स्वतःला खाणारं ते किडूकमिडूक बघताना तिचे ओठ वाकडे झाले. "ही घाण माझ्यात आहे?" तिने विचारलं, आणि मग म्हणाली, "मला झोपवा त्याच्यात."

"अंगात कुठे लोखंड, धातू? पट्टी, स्क्रू, काही?" डॉक्टरांनी विचारलं. "चुंबकात तो तापतो, सरकतो. त्यामुळे तसं असेल तर घेता येणार नाही."

"नाही," रुमियाती म्हणाली.

"काही नाही," जुमांतो म्हणाला.

मी दोघांकडे बघितलं. जीव जायची वेळ आली तरी या माणसांची लाज जात नाही. मी म्हटलं, "बू डॉक्टर, हिच्या तोंडात सुया आहेत."

रुमियाती माझ्याकडे अशी वळली की आता थोबाडीतच देईल. "यू पाइनेम, तुमच्या जिभेला हाड नाही."

"नसू दे. तुझ्या गालात आहे ते पुरे."

डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तुम्ही पहिल्या नाही. आमच्या एक्स-रेच्या फोटोत नेहमी निघतात. सोन्याच्या असतील तर चुंबक त्यांना ओढत नाही, तेव्हा घाबरू नका. तरी बघावं लागेल." त्यांनी खणातून मुठीएवढा चुंबक काढला आणि रुमियातीच्या गालाजवळ नेला.

गालाची कातडी वर आली. तंबूच्या टोकासारखी, एक टोक, शेजारी दुसरं, मग हनुवटीवर. डॉक्टर चुंबक हलवतील तशी ती टोकं मागे मागे फिरत होती. मी आयुष्यात इतकं ओंगळ काही पाहिलं नाही. रुमियाती डोळे तिरके करून स्वतःच्या गालाकडे बघत होती.

"हे सोनं नाही, बू," डॉक्टर म्हणाल्या.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. जुमांतो खिडकीतून खाली मोटारींकडे बघत उभा होता.

चुंबकाचे उपचार पुढच्या आठवड्यात सुरू होणार होते. तोवर सुया काढल्या तरच रुमियातीला घेणार होते. गावात आल्यावर रुमियाती घरी न जाता थेट म्बाह कासानच्या दारात उतरली. म्हातारा ओट्यावर पाय चोळत बसला होता.

"म्बाह, माझ्या तोंडात तुम्ही लोखंड घातलंत?"

म्हाताऱ्याने पान थुंकलं. "तुझ्या नवऱ्याने कागदात बांधून आणलं ते मी घातलं. वरून पिवळं होतं. माझं काम मंत्राचं. सोनाराचं नव्हे."

तिने जुमांतोकडे बघितलं. तो जरासा हसलाच. "अगं, साखळी विकून नवा बाजा घ्यायचा होता तेव्हा. आणि लोखंडाने काय कमी केलं? एवढी वर्षं लोक बघतच होते ना तुझ्याकडे? त्याच बाज्यावर जेवलीस की."

मला वाटलं ती त्याचे डोळे काढेल. ती नुसतीच ओट्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "म्बाह, काढा त्या."

म्हातारा दचकला. जुमांतोचंही हसू गेलं. आमच्याकडे पोरासोराला माहीत असतं की सुया घातलेल्या बाईला मरण सहजी येत नाही. ती खाटेवर महिनोन् महिने कुजते, पण जीव सुटत नाही. मग घरचे मांत्रिकाला बोलावून सुया काढवतात आणि शेवटची सुई निघाली की श्वास थांबतो. सुया काढणं म्हणजे मरणाला दार उघडून देणं. जित्याजागत्या बाईने चालत येऊन काढा म्हटल्याचं त्या म्हाताऱ्याने कधी ऐकलं नसेल.

"मी नाही काढणार," तो म्हणाला. "तुझा जीव माझ्या माथी नको."

मी तिला माझ्या घरी नेलं, चहा दिला. ती खरंच भ्याली होती. मला तिच्या अडाणीपणाचा संताप आला, पण सांगते ते खरं, मीही थोडी भ्यालेच होते.

"ठेवल्या तर गाठ मारणार," ती म्हणाली, "काढल्या तर सुया."

"गाठ मी हाताने चाचपली आहे. सुयांनी मेलेली बाई मी पाहिलेली नाही. नुसतं ऐकलंय."

तिने चहा संपवून कप खाली ठेवला. मग एकदम मान वर केली. "यू, मंत्र तर सोन्यावर होता ना?"

"मग?"

"मग लोखंडाला तो लागेलच कसा? सोन्याने जीव धरून ठेवला असता. शिलाईच्या सुईने कुणाचा जीव धरून ठेवलाय?"

मी तिला विरोध केला नाही. डॉक्टरांनी हजार शब्द सांगून जे पटलं नसतं ते नवऱ्याच्या चोरीने तिला पटवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच सोलोला गेलो. गाल, हनुवटी बधिर करून, पडद्यावर बघत बघत त्यांनी सुया काढल्या. स्टीलच्या वाटीत टिक टिक आवाज येत होता. नंतर मला ती वाटी दाखवली. शिलाईच्या सुयांचे कापलेले तुकडे, काळपट, गंजलेले, कुठेकुठे पिवळा मुलामा चिकटलेला, त्यावर रक्तपू. वास येत होता. या घाणीसाठी बाईने आईची साखळी दिली आणि वर्षानुवर्षं सोनकेळं खाल्लं नाही. रुमियाती गालाला पट्ट्या लावून बसली होती आणि सारखी आपलीच नाडी चाचपत होती.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा चाचपली.

दोन रात्री तिला तिथेच ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावात शिरलो तर तिच्या घरापुढे मांडव. प्लास्टिकच्या खुर्च्या. टोप्या घातलेली माणसं मांडीवर पुस्तक घेऊन मयतासाठीचं कुराणातलं यासीन म्हणत होती, आणि मागच्या अंगणातून भाताची वाफ येत होती. मला वाटलं सासू गेली. तेवढ्यात सासूच दारात आली, आणि रुमियातीला बघून म्हणाली, "अजून?"

एवढंच. अजून.

जुमांतोने गावात सांगून ठेवलं होतं की सुया निघाल्या, आज ना उद्या निरोप येईल. मग माणसं जमली, बायका रांधायला लागल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध. ज्या हाजीने दर शुक्रवारी गाणाऱ्या बायकांना नरकात पाठवलं आणि मुलाच्या लग्नात हिलाच पहाटेपर्यंत गायला लावलं, तो खुर्चीवर बसून डोळे पुसत होता. कसली कोकिळा होती, म्हणत होता. ओसरीवर फडातली नवी पोरगी उभी होती, अंगात रुमियातीचा हिरवा कबाया, गाताना ती घालायची ती लांब चोळी, शिवण उसवून मोठा केलेला. यांना भूतबाधेची भीती वाटते, पापाची वाटते, लाज मात्र कशाचीच वाटत नाही. मी तिथल्या तिथे थुंकले, सगळ्यांदेखत.

रुमियाती मांडवातून चालत आत आली. म्हणणारे थांबले. मधल्या ताटात प्रार्थनेची केळी ठेवली होती, त्यातलं एक सोनकेळं तिने उचललं, सोललं आणि उभ्या उभ्या खाल्लं. पट्ट्यांमुळे तोंड नीट उघडत नव्हतं, तरी पूर्ण खाल्लं. मग मागच्या अंगणात जाऊन चुलीपुढच्या बायकांजवळ बसली. तिथे मात्र एक जण तिला मिठी मारून मोठ्याने रडली.

पण सुटका एवढ्याने व्हायची नव्हती. लोकांना आता ही मेली कशी नाही याचं उत्तर हवं होतं, आणि जुमांतोने ते शोधलं. एखादी सुई राहिली असणार. म्हणून अडकली आहे. तो माझ्याकडे आला, डोळे भरलेले. "यू, ती किती सोसतेय. मला बघवत नाही. एक सुई आत राहिली असेल तर ती असंच कुजत राहील. सुटू दे ना बिचारी." त्याचे अश्रू खोटे नव्हते. म्हणून तर मला जास्त शिसारी आली. मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

उपचार सुरू व्हायच्या दिवशी तो न बोलावता आमच्याबरोबर आला. खोलीबाहेर डॉक्टर वेनिंग भेटताच पुढे होऊन म्हणाला, "बू डॉक्टर, आणखी एकदा तो चुंबक फिरवून बघा. एखादी राहिली असेल. नीट बघा, कानामागे पण."

"फोटोत काही दिसलं नाही, पाक."

"तरी बघा. माझ्या मनाची शांती होऊ दे."

डॉक्टर हसल्या. रुमियातीला म्हणाल्या, "नशीबवान आहात हो. बायकोची इतकी काळजी करणारे नवरे मला फार दिसत नाहीत." डॉक्टरांनी चुंबक आणला आणि सावकाश फिरवला. कपाळ, दोन्ही गाल, ओठांच्या कडा, हनुवटी, कानामागे. कातडी कुठेच हलली नाही.

"काही राहिलेलं नाही. आजपासून सुरू करू," त्या म्हणाल्या.

जुमांतोचा चेहरा पडला. चेहऱ्यांवर माझं पोट आहे. लपवलेला आनंद, रंगवलेलं दुःख, सगळं मला ओळखू येतं. त्या माणसाची निराशा झाली होती. एका क्षणात त्याने तोंड सावरलं, पण रुमियाती चुंबकाकडे बघतच नव्हती. ती पहिल्यापासून त्याच्याकडे बघत होती.

"पाहिलं मी, किती काळजी आहे ती," ती डॉक्टरांना म्हणाली.

नर्सने सांगितलं, अंगावरचं सगळं काढायचं, कानातलं, बांगडी, अंगठी, सोनं असलं तरी. रुमियातीने कानातलं काढलं. मग लग्नाची अंगठी ओढली. बोट सुजलेलं, ती निघेना, तिने थुंकी लावून पिळून पिळून काढली. जुमांतोने हात पुढे केला होता. तिने अंगठी माझ्या हातात दिली आणि त्याला बाहेर ठेवून दार लावून घ्यायला सांगितलं.